खाऱ्या पाण्याची वाटणी



या व्यासपीठावरून आपण संतांवर, शाहिरांवर, राजकारणावर पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. आमच्यासारख्या मोंढ्यात आणि जिनिंगच्या फाटकावर उभे राहून बोलणाऱ्या माणसाने पाण्यातले मीठ काढण्याच्या विद्येचा इतिहास सांगावा, हे काहींना नवल वाटेल. आमचे नाव शाळेच्या पटावर फार दिवस टिकले नाही. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. पण पाणी हा पदवीचा विषय नव्हे, तहानेचा विषय आहे. आणि तहान काय ती आम्हांस चांगली ठाऊक आहे.

समोर हा वीस लिटरचा निळा जार ठेवला आहे. येताना आम्ही पाहिले, मंडप उभारणारे मजूर बाहेरच्या बोअरचे पाणी पीत होते. ही दोन्ही पाणी एकाच जमिनीच्या पोटातली आहेत. त्यांच्यामध्ये आहे तो केसाहूनही बारीक असा एक पडदा. त्या पडद्याची कथा आज सांगावयाची आहे. आणि ती आमच्या अंगणातून सुरू करावी हे बरे.

आपल्या जिल्ह्याचे जुने पाणी म्हणजे नदीचे, आडाचे आणि बारवेचे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या तीन नद्यांच्या काठी वस्ती वाढली आणि नदीपासून दूर असलेल्या गावांनी काळा दगड फोडून बारवा बांधल्या. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल; अलीकडे गाळ काढून ती पुन्हा मोकळी झाली. बारवेचे पाणी पावसाने भरे आणि वरवरच्या झऱ्यांनी जिवंत राही, म्हणून ते बहुधा चवीला गोडे असे. मात्र पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय घालीत आणि त्या पाण्यातून नारूचा रोग पसरे. त्याखेरीज गावच्या पाणवठ्यावर सर्वांस सारखा हात घालता येत नसे, हा दुसरा रोग होता आणि तो पहिल्याहून जुनाट होता. जुने ते सारे सोने, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. देशातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली नोंदला गेला. बारवेतून पाणी घेणे सुटले, हे त्याचे एक कारण होय.

बारव सुटली, तिच्या जागी बोअर आली. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही मांडीवरचे मूल होतो. पण खडी फोडणाऱ्या आयाबापांच्या तोंडून तो आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की जणू पाहिलाच. त्या दशकात कठीण खडक भेदणारी यंत्रे मराठवाड्यात गावोगाव फिरली. शेजारच्या जालन्यात मिशनच्या माणसांनी त्याआधीच सगळाच्या सगळा लोखंडी असा हातपंप घडविला होता. तो पुढे सोलापुरात सुधारला आणि त्याच धर्तीवर ‘इंडिया मार्क २’ हा पंप तयार होऊन देशभर व परदेशांत गेला. मराठवाड्याच्या कारागिरीची ही गोष्ट आपल्याला शाळेत कोणी सांगितली नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

बोअरने तहान भागविली, पण पाणी बदलले. खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले पाणी चुना, मॅग्नेशियम आणि इतर क्षार विरघळवून घेते. जितके खोल जावे तितके पाणी पुष्कळदा जड होत जाते. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही, हंड्याच्या काठावर पांढरा थर बसतो. आमच्या आया या पाण्याला ‘जड’ किंवा ‘मचूळ’ म्हणत. आज लोक ‘टीडीएस जास्त आहे’ म्हणतात. अर्थ फारसा वेगळा नाही. एक लिटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरे पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. ‘दुसरे पाणीच नसेल तर’ ही अट ध्यानात ठेवावी. गरिबाचे अर्धे आयुष्य या अटीत जाते.

पण खारेपण कशाला म्हणतात हे पाहावयाचे तर आपल्या पूर्णेवरून दुसऱ्या पूर्णेवर जावे लागेल. पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून येलदरीमार्गे गोदावरीस मिळते. दुसरी, वऱ्हाडची पूर्णा, सातपुड्यातून निघून चांगदेवाजवळ तापीस मिळते. या दुसऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला जो पट्टा आहे त्यास ‘खारपाण पट्टा’ असे नावच पडले आहे. तेथे खडक नाही. शेकडो फूट खोल गाळमाती आहे. तिचा निचरा होत नाही आणि तिच्यातले पाणी खारे आहे. इतके खारे, की एके काळी तेथील विहिरींच्या पाण्यापासून लोक मीठ काढीत. विहीर खणावी आणि मिठागर हाती यावे, अशी ती भूमी! शेतात कापूस पिकतो आणि घागरीत समुद्र असतो.

मग खाऱ्या पाण्याचे करावे काय? गढूळ पाण्यावर आपल्याकडे उपाय होते: तुरटी फिरवावी, निवळीचे बी उगाळावे. जंतूंवर उकळणे हा उपाय आहे. मिठावर यांतला एकही चालत नाही. उकळले तर पाणी आटते आणि मीठ तेवढेच राहते, म्हणजे ते अधिकच खारे होते. वाफ धरून ती थंड केली तर गोडे पाणी मिळते खरे आणि जुने खलाशी तसे करीतही; पण त्याला सरपण इतके लागते की गाव पाणी पिईल आणि जंगल संपेल.

येथे निसर्गाने एक वाट दाखवून ठेवली होती, आणि ती प्रत्येक स्वयंपाकघरात होती. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मनुका पाण्यात टाकली की फुगते. फोडीची आणि मनुकेची त्वचा पाण्याला जाऊ देते, पण विरघळलेल्या पदार्थाला सहसा अडविते. आणि पाणी नेहमी पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे धाव घेते. १७४८ साली फ्रान्समधील नोले नावाच्या धर्मगुरूने, जो पदार्थविज्ञानाचाही पंडित होता, मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्याने बांधून ते पाण्यात बुडविले. पाणी कातड्यातून आत शिरले आणि कातडे फुगले. आपल्या आजीला जे लोणच्याच्या बरणीत रोज दिसत होते ते या गृहस्थाने लिहून ठेवले. लिहून ठेवणे हीच शास्त्राची सुरुवात होय.

पुढे १८७७ साली जर्मनीतील फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीच्या सच्छिद्र भांड्यात रासायनिक पडदा तयार करून हा दाब मोजला आणि हॉलंडच्या व्हान्ट हॉफने त्याचा नियम बांधला. रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली याच व्हान्ट हॉफला मिळाले. समुद्राच्या पाण्याचा असा दाब पंचवीसएक वातावरणांइतका भरतो; म्हणजे अडीचशे मीटर उंचीचा पाण्याचा खांब डोक्यावर उभा करावा एवढा. आता एक साधा प्रश्न उरतो. गोडे पाणी खाऱ्याकडे धावते हा जर निसर्ग, तर खाऱ्या बाजूस त्याहून मोठा दाब दिला तर? तर पाणी उलटे फिरावे, मीठ मागे राहावे आणि गोडे पाणी पलीकडे यावे. यालाच व्यस्त परासरण म्हणतात. बाजारात त्याचे नाव ‘आरओ’. विचार सोपा होता, अडचण पडद्याची होती. एवढा दाब सोसणारा, मीठ अडविणारा आणि तरीही पाणी भरभर सोडणारा पडदा कोणाजवळच नव्हता.

हा पडदा कोणी केला? येथून पुढची कथा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून थोडे थांबून ऐकावी. १९५२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने खारे पाणी गोडे करण्याच्या संशोधनासाठी कायदा केला आणि त्यासाठी सरकारी कचेरी उघडली. म्हणजे पैसा जनतेच्या कराचा. फ्लॉरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड यांनी दाखवून दिले की सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा मीठ उत्तम अडवितो. पण त्यातून पाणी इतके हळू झिरपे की तहानलेल्याने दिवसभर बसून राहावे. तिकडे कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक विद्यापीठात, लॉस एंजेलिस येथे, सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन हे दोघे याच कामास लागले होते. सौरिराजन हे मूळचे आपल्या दक्षिणेतले. या दोघांनी बाजारात मिळणारे पापुद्रे आणून ते पाण्यात तापवून पाहिले. कधी पापुद्रा छान काम करी, कधी मुळीच करीत नसे. पुष्कळ माणसे अशा वेळी सामान बदलतात. या दोघांनी सामान उलटे करून पाहिले. तेव्हा कळले की पापुद्र्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एक बाजू खाऱ्या पाण्याकडे केली तरच तो काम करतो. त्यावरून त्यांनी १९५९-६० च्या सुमारास स्वतःच असा पडदा ओतला की ज्याच्या वरच्या अंगास अत्यंत बारीक घट्ट कातडी असावी आणि खाली जाळीदार आधार असावा. मीठ अडविण्याचे काम कातडीने करावे, दाब सोसण्याचे आधाराने. पाणी पूर्वीच्या कितीतरी पट वेगाने येऊ लागले. श्रमाची विभागणी म्हणजे काय, हे आम्ही कामगारांच्या सभेत सांगतो तेव्हा हाच दाखला देतो.

हा पडदा प्रथम गावाच्या उपयोगी पडला तो कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या तेलविहिरींच्या गावी, १९६५ साली. त्या गावाचे भूजल पिण्याच्या लायकीचे नव्हते; पूर्वी पिण्याचे पाणी तेथे रेल्वेच्या टाक्यांतून येत असे. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक खाली ठेवले. कारण ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वे निघाली आणि दुसऱ्या दिवशी ती लातूरला पोहोचली, ते दृश्य आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते आणि मार्ग साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचा होता. जगात पाण्याची रेल्वे पाहणारे आपण पहिले नव्हतो. फरक एवढाच, की कोअलिंगाची तहान भूजल खारे होते म्हणून होती आणि लातूरची तहान धरण आटले होते म्हणून. कोरड्या धरणास कोणताही पडदा पाणी देऊ शकत नाही. हा भेद न ओळखता जो यंत्र विकावयास येतो त्याच्यापासून सावध असावे.

सत्तरीच्या दशकात अमेरिकेतील जॉन कॅडोट यांनी त्याहून सरस असा बहुपदरी पडदा तयार केला. आज घराघरांत आणि मोठ्या प्रकल्पांत जे पडदे आहेत ते बहुतेक त्याच घराण्यातले. त्याचे पेटंट एका खासगी कंपनीच्या नावे निघाले आणि त्यावरून खटले चालले. १९९२ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने म्हटले, की हा शोध सरकारी कंत्राटाचे काम चालू असताना सुचलेला आहे, तेव्हा पेटंटचा मालकी हक्क कंपनीचा नसून अमेरिकन सरकारचा आहे. आम्ही कायद्याचे पंडित नव्हे. पण ज्याचा पैसा त्याची वस्तू, हे मोंढ्यातल्या हमालासही कळते.

आपल्या देशातही ही विद्या सार्वजनिक संस्थांनीच रुजविली. १९५४ साली भावनगर येथे मीठ संशोधनाची मध्यवर्ती संस्था पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. पाण्यातून मीठ मिळवावे म्हणून जी संस्था निघाली तिनेच पुढे मिठातून पाणी सोडविण्याचे पडदे केले आणि खेड्यांत यंत्रे बसविली. मुंबईस तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही हे काम हाती घेतले. त्या केंद्राने तमिळनाडूत कल्पाक्कम येथे समुद्राचे पाणी रोज ६३ लाख लिटर गोडे करणारा प्रकल्प उभारला. त्यांतले १८ लाख लिटर पडद्याने होते, बाकीचे उष्णतेने. चेन्नई शहरासाठी मिंजूर येथे २०१० साली आणि नेम्मेली येथे २०१३ साली, रोज दहा-दहा कोटी लिटरचे कारखाने चालू झाले. मुंबई महापालिकेनेही मनोरी येथे रोज वीस कोटी लिटरचा प्रकल्प योजिला आहे.

आपल्याकडे मात्र पडदा आला तो निळ्या जारातून आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पेटीतून. कोठे ग्रामपंचायतीने नाणे टाकून पाणी देणारे यंत्र बसविले, कोठे एखाद्या होतकरू तरुणाने बोअर घेऊन प्लांट टाकला. त्यांना आम्ही दोष देत नाही. लग्नकार्यात, दवाखान्यात, शाळेत त्यांच्यामुळे निदान गोडे पाणी दिसू लागले. पण एक गोष्ट जार विकणारा सांगत नाही आणि विकत घेणारा विचारीत नाही. ती आम्ही कशी शिकलो ते सांगतो, कारण त्यात चूक आमची होती.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये बोअरचे पाणी फार जड होते. कापूस निवडणाऱ्या बाया आणि गाठी उचलणारे हमाल तेच पीत. १९४८ च्या कारखाना कायद्याचे अठरावे कलम पुढे करून आम्ही गोड्या पाण्याची मागणी केली. दोन महिने भांडलो. मालकाने यंत्र बसविले. नारळ फोडला, हार घातले, आम्ही भाषण केले. पुढे काही दिवसांनी एक वयस्कर बाई म्हणाली, “भाऊ, हौदाचं पाणी पहिल्यापेक्षा खारट लागायलंय.” आम्ही ते हसण्यावारी नेले. नवे यंत्र बसल्यावर पाणी खारट कसे होईल? तिने दुसऱ्यांदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले. शेवटी एका विज्ञानशिक्षकांचा मीटर घेऊन आम्ही गेलो. बाईची जीभ खरी ठरली. यंत्राचा नळ कचेरीच्या ओसरीत होता. यंत्रातून बाहेर पडणारे खारे पाणी एका बारीक काळ्या नळीने कामगारांच्या हौदात सोडलेले होते. मुकादमास विचारले, तर तो निरागसपणे म्हणाला, “एवढं पाणी वाया कशाला घालवायचं?”

त्याच्या मनात पाप नव्हते. पाप आमच्या करारात होते. आम्ही ‘यंत्र बसवावे’ असे लिहून घेतले. गोडे पाणी कोणास आणि खारे कोठे, हे लिहून घेतले नाही. पुढे हौद धुतला गेला, गोड्या पाण्याचा नळ फाटकाशी आला आणि ती काळी नळी फरशी व संडास धुण्याच्या टाकीत गेली. पण त्या बाईने तीनदा सांगेपर्यंत आम्ही ऐकले नाही, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

सारांश असा, की पडदा मीठ नाहीसे करीत नाही. तो पाण्याची वाटणी करतो. एका बाजूस गोडे पाणी, दुसऱ्या बाजूस मूळच्याहून अधिक खारे पाणी. घरगुती पेटीत पुष्कळदा चार लिटरांपैकी तीन लिटर खाऱ्या वाट्याला जातात. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितले की जेथे क्षार ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे हे यंत्र वापरू नये, आणि निदान ६० टक्के पाणी परत मिळालेच पाहिजे. ज्या शहरातल्या घरांस पूर्णेचे नळाचे पाणी मिळते, त्यांनी पेटी घेण्यापूर्वी ते पाणी एकदा तपासून घ्यावे. नळाचे पाणी जंतूंपासून शुद्ध ठेवणे हे महापालिकेचे काम आहे. त्या कामाची जागा पेटी घेऊ लागली, तर नळाबद्दल भांडणारे कोणी उरणार नाही. ज्याच्या घरी जार येतो तो नळावरच्या मोर्चास येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

खारपाण पट्ट्यात दुसरी वाटही चोखाळली गेली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी वाण नदीच्या धरणातून नळाने पाणी आणून अकोल्याकडील ८४ खेड्यांस आणि बुलढाण्याकडील १४० गावांस देण्याच्या योजना झाल्या. डोंगराचे गोडे पाणी खाऱ्या सपाटीवर आणणे, यात कोणाच्या वाट्याला खारी बाजू येत नाही. जेथे असे पाणी मिळू शकते तेथे नळ; जेथे मिळू शकत नाही तेथे पडदा. पण तो गावाच्या मालकीचा असावा, त्याच्या देखभालीस पगारी माणूस असावा आणि त्याच्या खाऱ्या पाण्याची जागा आधी ठरलेली असावी. पडदे झिजतात, तुंबतात, बदलावे लागतात. ज्या यंत्रास माणूस नेमलेला नाही ते यंत्र उद्घाटनाच्या पाटीस टेकू देण्याच्याच कामाचे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. तळे सार्वजनिक होते; नगरपालिकेने ते कागदावर सर्वांस खुलेही केले होते. प्रश्न पाण्याचा नव्हता, वाटणीचा होता. आज तळ्याच्या जागी पडदा आला आहे. त्याला जात दिसत नाही, पण खिसा दिसतो. जनतेच्या पैशातून निघालेली ही विद्या जनतेच्या घागरीपर्यंत पोहोचवावयाची, की जाराच्या बुचात बंद करावयाची, हे शास्त्रज्ञ ठरविणार नाहीत. ते आपल्या ग्रामसभेत, नगरपालिकेत आणि कारखान्याच्या करारात ठरेल.

तेव्हा यापुढे कोठेही पाण्याचे यंत्र दिसले की त्याच्या चकचकीत नळाकडे जरूर पाहावे. पण त्याच्या मागे जाऊन दुसरी नळी कोठे जाते तेही पाहावे. एवढे केले तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही, असे आम्ही समजू. आणि मंडपाबाहेरच्या त्या मजुरांस हा जार नेऊन द्यावा, अशी चालकांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.